कारलं

उषाबाईनं नवऱ्याच्या डब्यातली दुसरी भाकरी काढून टोपलीत परत ठेवली. मग सागरच्या डब्यात दोन भाकऱ्या घातल्या, वर शेंगदाण्याची चटणी, आणि झाकण दाबून बसवलं.

बन्सीलाल दारात चपला घालत सगळं बघत होता. "बापले एक, पोऱ्याले दोन," तो म्हणाला.

"डॉक्टरनी तुमले सांगेल शे. त्याले नही."

दोन्ही डबे पिशवीत घालून तो निघाला. लिंबायतच्या गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत तो हल्ली रिक्षा करत नसे. पलसाण्याला जाणाऱ्या मिलच्या बसमधूनही एक थांबा आधी उतरायचा आणि धापा टाकत उरलेली वाट तुडवायचा. चहातली साखर सोडली होती, रात्रीचा भात सोडला होता. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, आणि छातीत अधूनमधून कळ येते म्हटल्यावर डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं, वजन उतरवा, नाहीतर पुढचं माझ्या हातात नाही.

वजन मात्र उतरायचं नाव घेत नव्हतं. तो मिलच्या घडी खात्यात, कापडाच्या घड्या घालायच्या कामावर होता; तिथं गाठी तोलायचा मोठा काटा होता. त्यावर तो अधूनमधून उभा राहायचा. शेजारच्या टेबलावरचा हिलाल, त्याच्याच गावचा, आकडा वाचून जीभ चावायचा. मागच्या दिवाळीच्या सुमारास बन्सीलाल असा वाळला होता की पँट कमरेवर ठरत नव्हती. नंतर अंगानं धरलं ते धरलंच. सोंगं सगळी आणता येतात, पोटाचं आणता येत नाही.

कारण बन्सीलालला ठाऊक होतं. ते पिशवीतच होतं.

सागर मिलमध्ये लागला तेव्हापासूनची ही गोष्ट. पोराला लारीवरच्या लोचोचा, त्या वाफवलेल्या मऊ डाळीच्या खाऊचा, भारी नाद. जेवणाची सुट्टी झाली की घरचा डबा बापासमोर सरकवायचा, "माईले सांगू नका" म्हणायचा आणि मित्रांच्या टोळक्यात पसार व्हायचा. अन्न टाकायचं कसं? बापच तो डबा संपवायचा, आणि घरी दोन्ही डबे चाटूनपुसून गेलेले दिसायचे. उषाबाई खूश.

आजही त्यानं गोदामामागच्या लिंबाखाली आपला डबा उरकला आणि सागरचा उघडला.

"बन्सीभाऊ," हिलाल हळूच म्हणाला, "जीवावर उठनं हाई. कोनले तरी दी टाक."

"सागरना डबा दुसराले कसा देऊ?"

हिलाल आपल्या भाताकडे बघत राहिला.

एकदाच, फक्त एकदाच बन्सीलालनं तो डबा भरलेला घरी नेला होता. उषाबाईनं झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस घरात गॅस पेटला नाही. ते पुन्हा बघायची त्याची छाती नव्हती. त्यापेक्षा छातीतली कळ परवडली.

पुढच्या तपासणीला उषाबाई हट्टानं बरोबर आली. गुजराती डॉक्टर तरुण होता, पण रागावला म्हाताऱ्यासारखा.

"काका, साचुं बोलो, चोरीछुपे शुं खाओ छो?"

बन्सीलाल खाली बघत म्हणाला, "काही नही, साहेब."

उषाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली. परतताना रिक्षात तिनं त्याचा हात धरला. कितीतरी दिवसांनी धरला होता. त्याला एकदम रडू आलं, म्हणून तो बाहेर बघत राहिला.

त्यानंतर सागरच्या डब्याची रया गेली. चटणी गेली. वांग्याच्या भाजीवरचा तेलाचा तवंग गेला. भाकऱ्या दोनच, पण पापडासारख्या पातळ. कधी मोड आलेली मटकी, कधी नुसती दुधी. तेल महागलंय, बन्सीलालनं मनाशी म्हटलं, आणि मुकाट्यानं खात राहिला. चव नसली तरी डबा रिकामा जायला हवा होता.

आणि नवल म्हणजे काटा खाली यायला लागला. जिना चढताना धाप लागेना. हिलालनं एका जुन्या चिंधीचा पट्टा करून त्याची पँट आवळून दिली. डॉक्टरनं तर पाठ थोपटली.

"काका, कमाल करी! शुं कर्युं?"

"चालस मी, साहेब," बन्सीलाल म्हणाला. दुसरं काय सांगणार? दोन माणसांचं जेवण एकटा जेवणारा माणूस रोडावतो कसा, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे चपला घालत दारात उभा राहिला. घरात कडवट वास भरला होता. उषाबाईनं कढईतली परतलेली कारली डावात घेतली आणि सागरच्या डब्यात घातली.

बन्सीलालचा पाय चपलेतच थबकला. कारल्याचा वास आला तरी सागर लहानपणी घर सोडून पळायचा. ताटात कारलं दिसलं की ताट ढकलायचा. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, मग ती विसरली कशी? बाईचं डोकं आता पुरतंच फिरलं की काय?

"अवो," तो जपून म्हणाला, "सागरले कारलं चालस नही ना."

उषाबाईचा हात थांबला नाही. तिनं झाकण लावलं, ओल्या फडक्यानं डबा पुसला आणि त्याच्या हातात दिला. मग पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

"सागर जित्ता व्हता तवय," ती म्हणाली, "त्याले कधी कारलं दिधं का मी?"