शेवट सांगत नसतात

“सबनीस, अहो पहिल्याच वाक्यात शेवट फोडलात तुम्ही!” रविवार पुरवणीच्या नव्या संपादक वीणाताई फोनवर जवळजवळ ओरडल्याच.

बावीस वर्षं परीक्षणं लिहिणाऱ्या सबनीसांनी सिनेमाचा शेवट आजवर घरातसुद्धा सांगितला नव्हता. या सिनेमाचा पहिला भाग त्यांनी लेकीच्या शेजारी बसून पाहिला होता. “बाबा, पुस्तकात असं नाहीये,” असं ती अख्खा वेळ कुजबुजत होती. पुढची कादंबरी तिनं दवाखान्यात वाचायला घेतली, पण दोनशे बाराव्या पानानंतर तिला पुस्तक हातात धरवेना.

“तू वाचलंयस ना? आंधळी घार घरी पोचते का, एवढंच सांग,” ती म्हणाली.

“शेवट सांगत नसतात, केतू. सिनेमा लागला की दोघं मिळून बघू.”

सिनेमा शुक्रवारी लागला, तेव्हा केतूला जाऊन चार महिने झाले होते. सबनीस एकटेच गेले. उत्तरार्ध रेंगाळलाय, जादूची दृश्यं भडक आहेत, कादंबरीतला ओलावा उरलेला नाही, हे सारं त्यांनी नेहमीसारखं लिहिलं. फक्त पहिलं वाक्य नेहमीचं नव्हतं.

“काढते हं मी ते,” वीणाताई म्हणाल्या. “वाचक शिव्या घालतील.”

“खुशाल घालू देत,” सबनीस म्हणाले. “पण ते वाक्य ठेवा. एका वाचकाला मी फार ताटकळत ठेवलंय.”

रविवारी परीक्षण तसंच छापून आलं. सुरुवात होती : ‘घार घरी पोचते गं, केतू.’