डाव्या भुवईवरची खूण

शालिकरामने पाकीट हिरालालच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर ठेवले आणि तो हसत म्हणाला, "हिऱ्या, तू मले भलताच गोरागोमटा करून ठेवला बे. दिल्लीवाले म्हनतात, हा तो मानूसच नाही."

पाकिटात पोलंडच्या व्हिसाचा अर्ज होता. वकिलातीतून परत आलेला. दोन प्रतींतला फॉर्म, देवीच्या लशीचा दाखला, तिथल्या खाणविद्यालयाचे बोलावणे, सारे जसेच्या तसे होते. फक्त तिन्ही फोटोंवर निळ्या पेन्सिलीची फुली होती. पासपोर्टात डाव्या भुवईवर व्रणाची खूण नोंदलेली आहे, ती फोटोत दिसत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे, उघड्या डोक्याचे, कुठलीही दुरुस्ती न केलेले नवे फोटो शनिवारपर्यंत सादर करावेत, असे सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते.

"शनिवार चुकला त खाणीकडून तिरोडीवाला पोट्टा जाईन माह्या जागी," शालिकराम म्हणाला. "आज संध्याकाळच्या छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून सीधा दिल्ली. मीच नेऊन देतो."

हिरालालने चिठ्ठी दोनदा वाचली. या गावात कोणाच्याही चेहऱ्यावरचा डाग तो ठेवीत नसे. देवीचे वण, भाजल्याच्या खुणा, कपाळावरच्या आठ्या. निगेटिव्ह काचेवर धरून टोकदार पेन्सिलीने तो सारे भरून टाकी. सोयरिकीचे फोटो काढायला लोक उकव्याहून बसने त्याच्याकडे येत, ते याच हातासाठी.

"तुही आदतच ते," शालिकराम म्हणाला. "मी काही बोलत नाही तुले."

हिरालालने चिठ्ठीची घडी घातली. गेल्या महिन्यात पेन्सिल त्या व्रणापाशी आली, तेव्हा हाच फॉर्म शेजारी उघडा पडला होता, आणि त्यातली ओळखीच्या खुणेची ओळ वाचूनही त्याने तो भरून टाकला होता.

"बसस्टँडवर नवा स्टुडिओ निघाला. तिथं काहून नाही गेला?"

"त्याले का मालूम, खूण कशी हाय ते? तुह्यापेक्षा जास्त कोनाले मालूम?"

शालिकरामच्या अंगावर नवा लोकरीचा कोट होता. चैत्राच्या दुपारी त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, तरी तो कोट काढीत नव्हता. हिरालालला तो घामसुद्धा हेवा करण्याजोगा वाटला.

आत भिंतभर पडदा होता. बर्फाचा डोंगर, निळे तळे, तळ्यात एक शिडाची होडी. तीन उन्हाळे खपून हिरालालने तो स्वतः रंगवला होता. किरनापूरची नवी जोडपी, खाणीतले मुकादम, पेन्शनीत निघालेले मास्तर, सारे त्या डोंगरापुढे उभे राहून परदेशी जाऊन आले होते. आता त्यावर त्याने घरची पांढरी चादर टाचली. जो खरोखर जाणार होता, त्याच्या मागे काहीच नको होते.

"अबे, असंच असन का तिकडं?" चादरीच्या कडेने उरलेल्या बर्फाकडे पाहत शालिकरामने विचारले.

"तूच पाहून सांग," हिरालाल म्हणाला. "चुकलं असन त खोडून टाकतो."

शालिकराम मोकळेपणाने हसला. हिरालालने त्याची हनुवटी किंचित वर उचलली, केस मागे सारले. बोटाला तो व्रण लागला: तांदळाच्या दाण्याएवढा, कडेला टणक. चौथीत गुरुजींनी शालिकरामला पहिल्या रांगेत बसवले, त्याच दिवशी मागून हिरालालची पाटी भिरभिरत आली होती. तेव्हापासून आईला, गुरुजींना आणि पुढे खाणीच्या डॉक्टरलाही शालिकराम एकच सांगत आला होता, की मोहाच्या झाडावरून पडलो.

"हलू नको," हिरालाल म्हणाला, आणि काळ्या फडक्याखाली शिरला.

तासाभराने निगेटिव्ह वाळली. खिडकीपाशी उताराच्या मेजावर ती काचेला लावून हिरालाल बसला. मागे बाकावर शालिकराम कोटाच्या खिशातून वेळापत्रक काढी, पाही, पुन्हा ठेवी. खालच्या आरशातून उजेड वर आला आणि त्या उलट्या, काळ्या चेहऱ्यावर भुवईच्या वर एक बारीक पारदर्शक रेघ उजळली. दोन फटकारे पुरले असते. शालिकराम त्याच्या भरवशावर फोटो पाकिटात घालील, पाकीट दिल्लीला जाईल, पुन्हा निळी फुली. आणि पुढल्या सोमवारी तो इथेच, याच बाकावर असेल, कोटावाचून.

हिरालालने पेन्सिलीला टोक काढले. टोक रेघेवर टेकले.

"हिऱ्या," मागून शालिकराम म्हणाला, "तिकडं कोनी विचारलं, हे काय लागलं म्हनून, त का सांगू बे? मोहाचं झाड त तिकडं कोनाले समजनार नाही."

पेन्सिल तशीच राहिली. खिडकीबाहेर पानवाल्याने पाणी शिंपडले. तापलेल्या मातीचा वास आत आला.

"त का सांगू?" शालिकरामने पुन्हा विचारले.

हिरालालने पेन्सिल डबीत ठेवली, झाकण दाबून बसवले. मागे वळून पाहणे त्याला जमले नाही.

"माहं नाव सांगजो," तो म्हणाला. "तेवढं तरी जाईन तिकडं."