गाठ कुणाची?

"हिच्या रक्तातच खोट आहे. मारून टाका हिला," कुत्र्यांची पैदास करणारे नाईकनवरे म्हणाले. टेबलावर त्यांची कुत्री राणी थरथरत होती; तिच्या जननेंद्रियावर गाठ आली होती.

डॉक्टर वैजयंती उसळल्या. "गाठीची जनुकं हिच्याशी जुळतच नाहीत! हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या कुठल्याशा कुत्र्याच्या कॅन्सरच्या पेशी आहेत या, अजून जिवंत. समागमातून पसरतात. हिला तुमच्याच नराने दिल्यात."

"तो महागाचा आहे. त्याचं नाव घेऊ नका."

"म्हणून हिने मरायचं?" त्यांनी राणीला दवाखान्यातच ठेवून घेतलं. इंजेक्शनांनी हळूहळू गाठ विरघळली.

ती बरी झाल्याचं कळताच नाईकनवरे पट्टा घेऊन हजर झाले. "द्या तिला. आता पिल्लं देईल."

वैजयंतींनी दार अडवलं. "आधी त्या नराला उपचाराला आणा. राणी इथून हलणार नाही."