पेठेचा पंच

"पंच तुमच्या पेठेचाच हाय रे, पडा बिनधास्त!" गॅलरीतून टोमणा आला तसा हशा पिकला. शालेय फुटबॉलची सेमीफायनल बरोबरीत होती. एक संघ सरनाईकांच्या स्वतःच्या पेठेतल्या शाळेचा होता, आणि पंच म्हणून त्यांना मध्यंतरापासून हेच ऐकावं लागत होतं.

शेवटच्या मिनिटाला त्याच शाळेचा सुयश गोलसमोर कोसळला. मध्ये बचावपटूची पाठ होती; टक्कर सरनाईकांना दिसलीच नाही. पेनल्टी दिली असती, तर पेठेकडे झुकल्याचा डाग कायमचा लागला असता. त्यांनी शिट्टी फुंकली आणि नाटक केल्याबद्दल सुयशलाच पिवळं कार्ड दाखवलं.

"ह्याला म्हणत्यात पंच!" टोमणा मारणारीच गॅलरी टाळ्यांनी दणाणली.

सुयश मात्र उठेना. सरनाईक त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले, तेव्हा त्याची नडगी मधोमध वाकलेली दिसली.

"सर, गेल्या मॅचला एक, आज हे दुसरं कार्ड," तो ओठ चावत म्हणाला. "फायनल खेळू देतील न्हवं?"

"खेळशील की, बाळा," सरनाईक म्हणाले, आणि त्याला पाय दिसू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर हात धरून बसले.