डावं चाक

एसटी निघून गेली, धुरळा खाली बसला आणि फुलसावंगीच्या फाट्यावर ओट्यावर बसलेले नागोराव दिसले. कुबड्या मांडीवर, पिशवी पायाशी. देवीलालनं सायकल थांबवली. वळवून पळावं, तर मागं जोडलेला गाडा एवढा लांब, की वळता वळता संध्याकाळ झाली असती.

त्या गाड्याची कीर्ती मोठी. सीटखालच्या दांड्याला कडी, कडीत वाकवलेला पाईप, पाईपामागं जुन्या लोखंडी पलंगाची चौकट आणि तिच्याखाली दोन चाकं. या सायकलीवरून देवीलालनं एक अख्खं लग्न नेलं म्हणतात. मंडप, भांडी, बँडवाल्यांचा ढोल, सगळं. नवरदेव तेवढा पायी आला, कारण त्याला चढायला जागाच उरली नव्हती.

देवीलाल बंजाऱ्यांच्या तांड्यातला; तांड्याचं रक्तच माल वाहणाऱ्यांचं. देवीलालचा आजा हिरासिंग बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरे. लोकांनी भरवशानं सोपवलेला माल. एखाद्या बैलानं पोतं चाटलंच, तर म्हणे हिरासिंग त्याची जीभ धुई, ते पाणी आटवी आणि निघालेला खडा परत पोत्यात टाकी. ही गोष्ट देवीलाल प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. चार महिन्यांपासून मात्र ऐकवत नव्हता.

कारण ती दोन चाकं नागोरावांची होती.

नागोरावांची हातानं फिरवायची तीनचाकी होती. तिच्यावर बसून ते रोज बाजारातल्या आपल्या पानठेल्यावर जात. ऑपरेशनसाठी लेकीकडे नागपूरला जाताना त्यांनी ती देवीलालच्या गोठ्यात ठेवली, ध्यान ठेवजो म्हणाले. मग बाजारात बातमी आली, की म्हातारा काही आता परत येत नाही. देवीलालनं ती जरा लवकरच खरी मानली आणि तीनचाकीची दोन चाकं काढून आपल्या गाड्याला बसवली. बायकोनं, मानीबाईनं, बजावलं, तेव्हा म्हणाला, आलेच तर तासाभरात परत बसवून देतो. चाकांना लाल रंगही फासला. फक्त डावं चाक तीनचाकीला होतं तेव्हापासूनच प्रत्येक फेऱ्याला टक करायचं, ते अर्धा डबा ग्रीस खाऊनही गप्प बसलं नाही.

मागून रिक्षा आली. नागोरावांनी तिला हातानंच पुढं पाठवलं. रिक्षाचे धक्के सोसत नाहीत, म्हणाले, तुझ्या गाड्यातच घे.

देवीलालनं त्यांना उचलून गाड्यात बसवलं. म्हातारा सोयाबीनच्या पोत्याहून हलका झाला होता. तेच ओढायला जड गेलं.

रस्ताभर देवीलाल मोठमोठ्यानं बोलत राहिला. कापसाचं, पावसाचं, फाट्यावरच्या नव्या हॉटेलातल्या पाणचट चहाचं. दम घ्यायला बोलणं थांबलं, की मागून टक. जणू कोणी बरगडीवरच बोट वाजवत होतं.

“चाकं कुठची बे?” मागून नागोरावांनी विचारलं.

“दिग्रसच्या भंगारातली, भाऊ.”

“भंगार चांगलं भेटलं तुले.”

नागोरावांचं घर आलं. त्यांना ओट्यावर टेकवलं, तरी देवीलालची मान वर होईना. इथून गोठा हाकेच्या अंतरावर. तिथं ताडपत्रीखाली तीनचाकीचं उरलेलं एक चाक आणि बैठक. म्हातारा आज ना उद्या ती मागणारच.

“भाऊ,” तो म्हणाला, “मी हिरासिंगचा नातू हाओ, पण...”

नागोरावांनी वाकून डाव्या चाकावरून हात फिरवला. बोटांना लागलेलं ग्रीस सावकाश देवीलालच्या सदऱ्याला पुसलं.

“फाट्याच्या वळणावरच टक ऐकला मी. म्हणून तं रिक्षा जाऊ देली. चाकं राहू दे तिथंच, शोभून राह्यले. उद्या सकाळी आठले येजो, मले ठेल्यावर न्याले. चाकं माही हायेत, तं पाय तुहे.”