सैल वायर

ती पिंग कमांडने जोडणी तपासत होती, पलीकडच्या इमारतीतला बॅकअप सर्व्हर उत्तर देत नव्हता. “काका, वायर नीट बघा! लक्ष कुठे असतं?” ती फोनवर कडाडली. तिथले शिपाईकाका दुखरा गुडघा टेकवून रॅकमागे शिरले, एकेक वायर काढून पुन्हा बसवू लागले. पडद्यावर तीच ओळ: उत्तर नाही. साहेब खुर्चीमागे उभे राहिले. कमांड पुन्हा टाइप करताना तिची बोटं थबकली. हा तर जुना पत्ता! सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता तिनेच परवा बदलला होता. गुपचूप नवा टाकला. उत्तरं धडाधड आली. “झालं का चालू, ताई?” काका धापा टाकत होते. “झालं.” “मग शेवटची वायरच सैल असणार. झाडताना माझाच धक्का लागला असेल. चुकलं माझं.” फोन स्पीकरवर होता; मागे साहेब ऐकत होते. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “असू द्या, काका. पुढच्या वेळी जपून.”