अंगणात आलेलं झाड

वनरक्षक यमुना गावित दारात पोहोचली, तेव्हा रायसिंग पाडवी अंगणातल्या कमरेएवढ्या झाडासमोर हात जोडून उभा होता.

"परत आलं?"

"बाळाच्या अंघोळीचं पाणी सुनेनं सवयीनं अंगणात ओतलं, बाई. हे रात्रीतून टेकडी उतरून आलं. आमच्या नातवाआधी तुमचं झाडच चालायला लागलं!"

यमुनेला हसायचंही त्राण नव्हतं. लावलेली रोपं दर उन्हाळ्यात मरत, म्हणून सरकारने पाण्याच्या शोधात चालणारी झाडं आणली होती. ती मरत नव्हती. पण ओल दिसेल तिथे रुजत, आणि जिथे रुजतील ती जमीन कायद्याने जंगल होई. मग घर मोडून निघायचं. म्हणून गावात कुणी अंगणात चूळसुद्धा भरत नसे.

तिने खोडाजवळची माती चाचपली. "मुळं अजून वरच आहेत. धरा त्या बाजूनं."

दोघांनी झाड टेकडीवर नेऊन लावलं. यमुना तिथेच बसली. "उद्यापासून बाळाला इथेच अंघोळ घाला."

"एवढ्याशा जिवाला उघड्यावर?"

"मग घर सोडायची तयारी ठेवा."

सकाळी ती आली, तेव्हा रायसिंगची सून टेकडीवर पाय पसरून बसली होती. पायांवर बाळ रडत होतं. आजूबाजूची झाडं हळूहळू तिच्याकडे सरकत होती. वारा लागू नये म्हणून रायसिंग धोतराचा आडोसा धरून उभा होता.

"बाई," तो म्हणाला, "जरा धरता का? हात भरून आले."

यमुनेने दुसरं टोक धरलं.